फोटो काढायचा की काढायचा?

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि तो कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाला चहाचा असा ठसका लागला की त्याची बायको अजून माझ्याशी धड बोलत नाही.

माझ्या हातून गाढवपणा पुष्कळदा झालाय हो. पण शुद्ध, प्रमाण, निर्दोष मराठीत केलेला गाढवपणा हा एकच! आणि तोही कुठे केला? तर बेंगळुरात!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नोकरीसाठी पुण्याहून आलेला, के. आर. पुरमला दोन खोल्यांत राहणारा, कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस. तेव्हा इंटरनेट इतकं नवं होतं की लोक त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. आमच्या मराठी मंडळात कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपलीही वेबसाइट हवी. कोण करणार? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला तेवढंच हवं होतं.

माझ्या हाताखाली दोन स्वयंसेवक दिले. एक मंदार, नागपूरचा, माझ्यासारखाच कॉम्प्युटरवाला, वेबसाइटची पानं बनवण्यात वाकबगार. दुसरी गिरिजा, बँकेत नोकरी करणारी. तिच्याकडे चांगला कॅमेरा होता म्हणून तिला फोटो आणि माहिती गोळा करायचं काम दिलं. दोन माणसांची फौज! पण मी त्यांच्यापुढे असा बोलायचो, की ऐकणाऱ्याला वाटावं मागे आणखी दोनशे उभे आहेत.

काम चालायचं बसवनगुडीला, गिरिजा राहायची त्या तिच्या काकांकडे. काकांना सगळं जग अण्णा म्हणायचं आणि काकूंना अक्का. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी बोलायचे, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की कुठलं काय ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांचा मुलगा रघू अमेरिकेत. त्यानेच आग्रह करून त्यांना कॉम्प्युटर घ्यायला लावलेला. अक्कांनी त्यावर भरतकामाचं आवरण घातलं होतं आणि आयुधपूजेला कुंकू लावलं होतं. एवढाच काय तो त्याचा वापर.

अण्णांनी कॉम्प्युटर दिला, टेलिफोनची लाइन दिली, बसायला जागा दिली आणि वर दर खेपेला काफी. समितीतली निम्मी माणसं 'हे काय नवीन खूळ' म्हणत होती, त्यांनाही अण्णांनीच गप्प केलं. बदल्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"उद्घाटनाच्या दिवशी रघू तिकडे उघडून बसेल," ते म्हणाले. "त्याला आम्ही दोघं दिसायला पाहिजे. बाकी तुम्ही काय करायचं ते करा, पुण्याचे."

मला ते 'पुण्याचे' म्हणायचे.

रघू चार-पाच वर्षांत आला नव्हता. अण्णांच्या साठीशांतीलाही नाही. तिला इकडे षष्ट्यब्दी म्हणतात, आणि लग्नासारखी करतात, हारबीर घालून. सुट्टी मिळाली नाही म्हणाला. अक्कांना ते इतकं लागलं की त्यांनी त्या समारंभाचा एकही फोटो त्याला पाठवला नाही. "बघायचं होतं तर यायचं होतं," म्हणायच्या. आणि मग आत जाऊन डोळे पुसायच्या. म्हणजे बघा, माझ्यावर केवढं काम होतं. वेबसाइट गेली चुलीत, त्या दोघांना मुलासमोर उभं करायचं होतं!

आता माझ्या अकलेचा मुख्य भाग ऐका.

मी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, की आपलं काम मराठीचं आहे, तर बोलायचंही मराठीतच. इंग्रजी शब्द बंद! वेबसाइट म्हणायचं नाही, संकेतस्थळ म्हणायचं.

अण्णा खुर्चीतून म्हणाले, "संकेतस्थळ? प्रेमात पडलेली पोरं-पोरी चोरून भेटतात ती जागा ना हो?"

"अण्णा, आता त्याचा अर्थ बदललाय."

"सरी सरी, बरं. अक्का, ऐकलंस? आपल्या घरात संकेतस्थळ उघडताहेत."

मी हटलो नाही. मंदार विचारायचा, "सर, ही फाइल डिलीट मारू का?"

"मारायचं काही नाही. काढ म्हण."

"काढू का?"

"हं! आता कसं गोड वाटलं. काढ."

गिरिजाची तर मी शिकवणीच घ्यायचो. त्यांच्याकडे दार वाजलं की अक्का आतून ओरडायच्या, "गिरिजा, दार काढ!" कन्नडात उघडण्याला आणि काढण्याला एकच शब्द, तोच त्यांच्या मराठीत शिरलेला. मी उंबऱ्यावर उभा राहून म्हणायचो, "दार काढून कुठे ठेवणार? काढत नाहीत, उघडतात. प्रत्येक क्रियापदाला त्याचा एक नेमका अर्थ असतो!"

हे वाक्य मी म्हटलंय. या तोंडाने.

आणखी एक हुकूम होता माझा. उद्घाटनाआधी संकेतस्थळ कुणालाही दाखवायचं नाही. गिरिजालासुद्धा नाही, कारण ती अण्णांना सांगेल आणि गंमत जाईल. मंदार काम करायचा त्या खोलीचं दार बंद. त्यामुळे आत काय आहे हे फक्त मला आणि मंदारला ठाऊक.

आत काय होतं? मंदारने मंडळाच्या जुन्या अल्बममधून समितीतल्या सगळ्यांचे फोटो स्कॅन करून पहिल्याच पानावर चढवले होते. आणि मध्यभागी अण्णा-अक्कांचा मोठा फोटो. कुठला? षष्ट्यब्दीचा! समारंभ मंडळाच्या हॉलमध्येच झाला होता, त्यामुळे अल्बममध्ये एक प्रत होती. मी स्वतःवर इतका खूश होतो की काय सांगू.

उद्घाटन रविवारी ठरलं होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी ऑफिसातून सहज पान उघडून बघितलं. अहो, उघडेचना! तेव्हाच्या टेलिफोन लाइनवर फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने यायचा. खजिनदारांचं टक्कल दिसायला लागलं तेव्हा मी चहाला गेलो, परत आलो तेव्हा भुवया आल्या होत्या. रघू तिकडे आई-वडिलांची वाट बघत बसणार आणि त्याला हे टक्कल दिसणार! फोटो फार झाले होते. समितीचे उडवायला हवेत, अण्णा-अक्का तेवढे ठेवायचे.

मी लगेच अण्णांकडे फोन केला. मंदार आणि गिरिजाने उद्घाटनासाठी आठवडाभर रजा टाकली होती. गिरिजाने उचलला.

"मंदार आहे का?"

"नाही हो, तिंडी खायला गेलाय."

तिंडी म्हणजे नाश्ता. मंदारचा नाश्ता जेवणाला जाऊन भिडायचा.

"मग तू नीट ऐक. समितीच्या लोकांचे फोटो काढायचेत. सगळ्यांचे."

"सगळ्यांचे?"

"एकूण एक. अध्यक्ष, खजिनदार, चिटणीस बाई, कुणालाही सोडायचं नाही."

"आणि अण्णा-अक्कांचा?"

"त्यांचा काढायचा नाही!"

ती म्हणाली, "का हो?"

"का म्हणजे? तेवढं कळतं मला. त्यांचा अजिबात काढायचा नाही. मंदारलाही बजावून सांग."

"सरी," ती म्हणाली. आवाज एवढासा झाला होता, पण मला वाटलं लाइन खराब आहे.

आलं ना लक्षात? तुमच्या आलं. माझ्या नाही आलं!

तिने बिचारीने कॅमेऱ्यात नवा रोल घातला, मंदारला स्कूटरच्या मागे बसवलं आणि दोघं समितीचे फोटो काढायला निघाले. अध्यक्ष हेब्बाळला, खजिनदार येलहंकाला, चिटणीस बाई आणखी तिसऱ्याच टोकाला. मंदार म्हणत होता, "पण फोटो तर आपल्याकडे..." आणि जीभ चावत होता, कारण आतलं गुपित गिरिजाला सांगायचं नाही हा माझाच हुकूम. सरांना नवे हवे असतील, असं म्हणून तो गप्प बसला.

दोन दिवसांनी त्याचा मला फोन. "सर, काढले सगळे."

"शाबास! लवकर झालं."

"लवकर कुठचं सर? दोन दिवस फिरून राहिलो."

फिरून? मला वाटलं, कॉम्प्युटरवरचं ते घड्याळ फिरत राहतं ना, त्याबद्दल बोलतोय.

"खजिनदारांचा तर निघताच निघेना," तो म्हणाला.

"मोठा आहे त्यांचा."

"मोठं तर आहेच सर. आणि उन्हात चमकते किती!"

मी हसून फोन ठेवला. नागपूरकर विनोदी असतात असं मनाशी म्हटलं.

आणि इकडे अण्णांच्या घरी काय चाललं होतं? अक्कांनी रेशमी साडी काढून ठेवली होती. अण्णांनी म्हैसुरी पेटा, म्हणजे इकडचा फेटा, झटकून ठेवला होता. स्कूटर घरी परतली तेव्हा दोघं तयार होऊन व्हरांड्यात बसले होते. गिरिजाला खाली मान घालून सांगावं लागलं, "अण्णा, तुमचा काढायचा नाही म्हणाले."

यातलं मला काहीही माहीत नाही. शनिवारी सकाळी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून मी शीळ घालत अण्णांकडे गेलो. अक्कांनी दार उघडलं. काढलं म्हणा. मी बसलो. पुढ्यात पाण्याचा पेला आला. नुसतं पाणी! त्या घरात मी तीन महिने जात होतो, काफीशिवाय कधी बसलो नव्हतो. अण्णा वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलेले.

"अण्णा, माझं काही चुकलं का?"

"तुमचं कसं चुकेल? पुण्याचे तुम्ही."

"फोटोवरून काही झालंय का?"

"फोटोचं नाव काढू नका."

स्वयंपाकघरातून अक्का म्हणाल्या, "सगळ्यांचे काढलात, आमचाच तेवढा काढला नाहीत."

माझा जीव भांड्यात पडला. एवढंच ना! म्हटलं, "हो! अहो, मीच सांगितलं होतं तसं."

वर्तमानपत्र खाली आलं. "तुम्ही स्वतः?"

"मी स्वतः! बाकी कुणाचेही काढा म्हटलं, पण अण्णा-अक्कांचा काढलेला मी खपवून घेणार नाही!"

"अय्यो देवा," अक्का दारात आल्या. हात पिठाचे. "असं काय केलं हो आम्ही?"

"असं काय केलंत? अक्का, जे केलंत ते तुम्हीच तर केलंत! तुमचे उपकार मी विसरीन का?"

त्या दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं, की मला वाटलं भरून आलंय त्यांना.

अण्णा उठून उभे राहिले. "हे बघा पुण्याचे, मी स्पष्ट बोलतो. सगळ्यांचा काढायचा तर आमचाही काढायचा. आम्हाला एक आणि त्यांना एक, असं चालणार नाही."

आता सांगा, मला काय वाटलं असेल? मला वाटलं, काय माणूस आहे! ज्याच्या घरात सगळं उभं राहिलं, तो म्हणतो मला विशेष वागणूक नको. सगळ्यांचे फोटो उडाले, तर माझाही उडव! माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं हो.

"पण रघूचं काय, अण्णा?"

"रघूसाठीच तर म्हणतोय!"

म्हणजे मुलासमोरही न्यायाने वागायचं. धन्य! मी म्हटलं, "मग तुमचाही काढू? नक्की?"

"काढा!"

"आजच काढतो."

अण्णांचा चेहरा एकदम खुलला. अक्का लगबगीने म्हणाल्या, "स्वल्प थांबा, मी साडी बदलून येते."

"साडी बदलायची काय गरज, अक्का? तुम्ही इथे असायचीही गरज नाही. मी ऑफिसात जाऊन तिथूनच काढीन."

"ऑफिसातून?" अण्णा. "आम्ही इथे, तुम्ही तिथे?"

"हो! टेलिफोनच्या लाइनवरून. जेवण झालं की बसतोच. एक मिनिट लागतं, कळणारसुद्धा नाही तुम्हाला."

दोघं आश्चर्याने बघतच राहिले. अक्का हळूच म्हणाल्या, "विज्ञान किती पुढे गेलं हो." मग मला काफी मिळाली. दोनदा.

दुपारी ऑफिसात बसलो. साहेब मागून फेऱ्या मारत होते, त्यामुळे इकडेतिकडे न बघता फक्त ती एक फाइल शोधली. अण्णा-अक्का. मन घट्ट केलं आणि काढली. मग अण्णांकडे फोन केला. वाजत राहिला, वाजत राहिला. शेवटी गिरिजाने उचलला.

"अण्णांना सांग, काढला!"

तिने मागे वळून ओरडून सांगितलं. मग अण्णांचा आवाज आला, अगदी उत्सुक. "कसा निघाला हो?"

"स्वच्छ निघाला!"

"अक्का, स्वच्छ निघाला म्हणतात!"

पुढे गिरिजाने सांगितलं तेव्हा कळलं. जेवण झाल्यापासून ते दोघं टेलिफोनसमोर खुर्च्या मांडून बसले होते. अण्णा पेटा बांधून, अक्का रेशमी साडीत, दोघांची नजर रिसिव्हरकडे. फोन वाजला तेव्हा उचलला का नाही? तर अण्णा ओठ न हलवता म्हणत होते, "हलू नको, आत्ताच काढत असतील!"

रविवार उजाडला. अण्णांचा हॉल गच्च भरला. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, पुढे नारळ, मागे समिती झाडून हजर. मी कुर्ता घालून आलेलो. माझं भाषण झालं. मराठी भाषेच्या नेमकेपणावर बोललो, खोटं नाही सांगत. अक्का पहिल्या खुर्चीत. तिकडे अमेरिकेत शनिवारची जेवणं उरकून रघू बसला असणार. मोडेमने लाइन जोडताना गळा काढला, तशा दोन आजीबाईंनी हात जोडले. पान उघडायला लागलं. वर मंडळाचं नाव आलं.

वरून एक टक्कल खाली येऊ लागलं.

मी डोळे चोळले. टक्कल खाली आलं, भुवया आल्या, मिशी आली. खजिनदार! लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या शेजारी पुन्हा एक टक्कल. पुन्हा खजिनदार, या वेळी येलहंकाच्या अंगणात, नव्या सफारीत. मग अध्यक्ष, मग हेब्बाळच्या तळ्याकाठी पुन्हा अध्यक्ष. चिटणीस बाई दोनदा. एकेक चेहरा थेंबाथेंबाने गळत होता आणि प्रत्येकाचे नातेवाईक 'आलं, नाक आलं!' म्हणून ओरडत होते.

मी मंदारच्या कानात पुटपुटलो, "हे काढले नाहीस?"

"काढले ना सर! रोल संपेपर्यंत काढले."

"रोल? कसला रोल?"

"कॅमेऱ्याचा," गिरिजा म्हणाली. "तुम्हीच नाही का म्हणालात, सगळ्यांचे काढा, कुणाला सोडू नका?"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आधी फोनवरचं बोलणं आठवलं. मग अण्णांचं. मग 'आम्ही काय केलं हो' म्हणणाऱ्या अक्का आठवल्या, आणि माझं उत्तर आठवलं. एवढ्यात खांद्यावर हात पडला.

"पुण्याचे, आमचा कधी येणार?"

"अण्णा, तुमचा... तुमचा काढला ना."

"हो, काल काढलात. मग दिसू दे की."

"काढला ना, म्हणून दिसणार नाही."

"काढला तरी दिसणार नाही?"

"काढला म्हणूनच दिसणार नाही, अण्णा!"

इतक्यात लाइन तुटली आणि रिकामी लाइन मिळताच टेलिफोन वाजला. रघूचा होता. अण्णांनी घेतला.

"हां, रघू... बघितलंस? ...सगळे दिसले? ...दोनदा? ...आम्ही?" त्यांनी एकदा अक्कांकडे बघितलं. "नाही दिसलो? असू दे रे. आगली. राहिलं असेल त्यांच्याकडून."

राहिलं असेल म्हणाले! माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. मी अण्णांच्या हातून रिसिव्हर जवळजवळ ओढूनच घेतला आणि म्हटलं, "रघू, झोपू नका! थोडा वेळ थांबा. तुमच्या आई-वडिलांना मी आणतो."

षष्ट्यब्दीचा फोटो मंदारच्या फ्लॉपीवर होता, देवाची कृपा. मी स्वतः बसलो. पण चढवायला गेलो तर जागाच नाही! फुकटची साइट ती, जागा मोजकी, आणि मंदारने आदल्या रात्री चढवलेल्या नव्या फोटोंमुळे समितीने ती दोन-दोनदा व्यापलेली. काहीतरी उडवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी खजिनदारांच्या फाइलीवर बाण नेला. मागून खोकल्याचा आवाज आला. अध्यक्षांच्या फाइलीवर नेला. अध्यक्ष म्हणाले, "हेब्बाळचा तो चांगला आलाय." चिटणीस बाई तर माझ्या खुर्चीला अगदी लागून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात मला एक लांबट, चांगली जाडजूड फाइल दिसली. कुणाचं नाव नाही, गाव नाही. मी बाण तिच्यावर नेला, कान टवकारले. कुणी खोकलं नाही! उडवली. अण्णा-अक्का मावले.

आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. पान परत येऊ लागलं. मधोमध आधी म्हैसुरी पेटा उतरला, मग अक्कांच्या केसांतली मोगऱ्याची फुलं, मग दोघांच्या गळ्यातले हार. अक्का खुर्चीतून उठल्याच. "हा? हा तर षष्ट्यब्दीचा! हा मी त्याला पाठवला नव्हता..."

लाइन सोडली. लगेच फोन. या वेळी अक्कांनी घेतला. बराच वेळ पलीकडून काही आवाज येत नसावा, कारण त्या नुसत्या 'रघू? रघू?' म्हणत होत्या. मग ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "रडतोस कशाला वेड्या? ...हो, तोच हार. ...ये, मग परत घालून दाखवते." आणि स्वतःच रडायला लागल्या. हॉलमध्ये नाक ओढल्याचे आवाज सगळीकडून. खजिनदारांनी तर टकलावरून रुमाल फिरवून डोळ्यांवर आणला.

अण्णांनी चष्मा पुसला. माझ्याजवळ आले. सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "झालं गेलं विसरा. पुण्याचे, तुम्ही आज मंडळाचं नाव काढलंत!"

काय टाळ्या पडल्या! मी हात जोडून चारी दिशांना वाकलो. आयुष्यात एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही. वाकता वाकता बघतो तर मंदार पडद्याला नाक लावून बसलेला.

"सर," तो हळूच म्हणाला, "अण्णा एकदम बरोबर बोलून राहिले. अमेरिकेतल्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं दिसत नाहीत ना, म्हणून मी मंडळाच्या नावाचं लांबट चित्र करून वर लावलं होतं. ते तुम्ही खरंच काढलं."